चार गोल गोलीच्या खात्यावर टाकण्याआधी

प्रश्न गुहागर तालुक्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीचा आहे. ती मुलींच्या हॉकी संघाची गोलकीपर आहे. थोडक्यात असा: "सामना आम्ही ४-१ हरलो. सगळ्या म्हणतात, गोलीनं खाल्ला. मी जे बॉल अडवले ते कुणाला आठवत नाहीत. पहिला गोल झाला की माझे हातपाय गार पडतात. मोबाइलवर आइस हॉकीचे गोली बघते, ते गुडघ्यांवर बसून सगळं अडवतात. तसं मी करू का? आणि चूक माझी की संघाची, हे ठरवायचं कसं?"

तू चारही गोल कसे झाले ते लिहून पाठवलंस हे फार बरं केलंस. नाहीतर माझं उत्तर म्हणजे नुसतं पाठीवरून हात फिरवणं झालं असतं. मुंबईत नोकरी सांभाळून मी बरीच वर्षं गोलमध्ये उभी राहिले, आता रत्नागिरीकडे मुलामुलींना शिकवते. त्या अनुभवावरून सांगते: गोल कुणाचा हे बॉल जाळ्यात गेला त्या क्षणाकडे बघून कधीच कळत नाही. तिथून मागे जायचं, आणि हा बॉल डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोल भागाच्या, बाहेर कुठे थांबवता आला असता ते शोधायचं. तुझे चार गोल तसेच घेऊ.

पहिला गोल पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे बचावाच्या फाउलबद्दल समोरच्या संघाला गोलच्या रेषेवरून बॉल बाहेर देऊन फटका मारायला मिळतो त्यावर. पहिला फटका तू पॅडवर घेतलास, बॉल समोर दोन हातांवर पडला आणि त्यांच्या मुलीनं तो ढकलला. दुसऱ्या गोलात तुमच्या फुलबॅकनं २३ मीटरच्या रेषेजवळ बॉल गमावला आणि दोघीजणी तुझ्या एकटीवर आल्या. तिसरा डाव्या कडेनं, जवळच्या पोस्टमधून आत गेला. चौथा शेवटच्या दोन मिनिटांत, ३-१ असताना, तुमचा सगळा संघ पुढे गेलेला होता तेव्हा.

यातला तिसरा तुझा, त्यात वाद नको. बॉल कडेला असताना जवळचा पोस्ट गोलीचाच. पाय पोस्टला टेकलेला, हात आणि काठी पोस्टच्या आतल्या बाजूला, आणि लांबच्या पोस्टकडे जाणारा पास फुलबॅकनं तोडायचा, अशी ती वाटणी असते. तू पास येईल म्हणून आधीच मध्ये सरकलीस, असं तुझ्याच वर्णनावरून दिसतं.

चौथा गोल मी तुझ्या खात्यावर घेणारच नाही. आइस हॉकीत पिछाडीवर असलेला संघ शेवटच्या मिनिटांत गोलीलाच बाहेर बोलावतो आणि त्याच्या जागी एक जादा खेळाडू उतरवतो. त्या रिकाम्या गोलमध्ये गोल झाला तर तो गोलीच्या आकडेवारीत धरतच नाहीत, कारण तो धोका सगळ्या संघानं जाणूनबुजून पत्करलेला असतो. तुमच्या कॅप्टननं सगळ्यांना पुढे पाठवलं, ते बरोबरच केलं. ३-१ ने हरणं आणि ४-१ ने हरणं यात फरक काय? पण मग त्या निर्णयाचं बिल तुझ्या नावावर फाडायचं नाही.

आता पहिल्या गोलाकडे येते, कारण शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथे आहे. फटका अडवलास, पण काम अर्धंच झालं. पॅड आणि किकरचा (बुटावर बांधायच्या जाड आवरणाचा) फोम कडक असतो, बॉल त्यावर आपटून उडतो. पाय सरळ समोर धरलास तर बॉल समोरच जाणार, आणि समोर त्यांच्याच मुली उभ्या असतात. म्हणून बॉल घेताना पाय थोडा बाहेर वळवायचा, किकरचा आतला भाग कडेच्या रेषेकडे बघेल असा, आणि पाय बॉलच्या दिशेनं पुढे न्यायचा. बॉल अंगावर येण्याची वाट बघत उभी राहिलीस तर तो जिथे पडायचा तिथेच पडतो. तुझ्या व्हिडिओतल्या गोलींची या बाबतीत चैन असते: त्यांनी पक (बॉलऐवजी त्यांच्याकडे असते ती रबरी चकती) ग्लोव्हमध्ये पकडला किंवा अंगाखाली दाबला की शिटी होते, खेळ थांबतो. आपल्याकडे बॉलवर झोपलीस तर उलट तुझ्यावरच पेनल्टी बसते. त्यामुळे आपल्याला अडवणं आणि बाहेर काढणं हे एकाच हालचालीत करावं लागतं.

आणि या गोलातला उरलेला अर्धा भाग संघाचा. पेनल्टी कॉर्नरला गोलीसकट पाचच जणी मागे असतात. पहिली मुलगी धावत फटका मारणारीच्या अंगावर जाते, दुसरी तिच्या मागून, एक पोस्टवर. पडलेला बॉल उचलायचा कुणी हे कधी ठरवलं होतं का तुम्ही? नसेल ठरवलं, तर तो बॉल त्यांनाच मिळणार होता. सरावात इंजेक्शन (रेषेवरून बॉल बाहेर देणं), फटका आणि पहिला सेव्ह इथेच शिटी वाजवतात, ही सवय मला फार खटकते. शिटी बॉल डीच्या बाहेर गेल्यावरच वाजली पाहिजे.

गुडघ्यांवर बसण्याबद्दल. आइस हॉकीचा गोल १.८३ मीटर रुंद आणि जेमतेम १.२२ मीटर उंच असतो. गोली गुडघ्यांवर आला, दोन्ही पॅड बर्फावर आडवे पसरले, तर खालचा भाग बंद होतो आणि वरचा बराचसा भाग त्याचं धड अडवतं. पुन्हा बर्फ गुळगुळीत, त्यामुळे गुडघ्यांवर असतानाही तो एका पोस्टवरून दुसऱ्या पोस्टवर घसरत जाऊ शकतो. आपला गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच. गुडघ्यांवर बसलीस की डोक्यावर मोठी मोकळी जागा, आणि आपल्या सड्यावरच्या जांभ्याच्या मैदानावर गुडघ्यांवरून सरकणं म्हणजे फक्त कातडी सोलवटणं. टर्फवरही परत उभं राहायला वेळ जातो. म्हणून ती पद्धत जशीच्या तशी उचलू नकोस.

आडवं पडणं आपल्याकडेही आहे, पण त्याची जागा ठरलेली आहे. पेनल्टी कॉर्नरवर पहिला फटका हिट असेल तर तो गोलच्या मागच्या फळीच्या उंचीच्या, म्हणजे ४६ सेंटिमीटरच्या, वर जाऊन गोल होऊ शकत नाही. समोरच्या संघाकडे फक्त हिट मारणारी असेल तर अंग आडवं टाकून खालचा पट्टा बंद करणं शहाणपणाचं आहे. ड्रॅगफ्लिकला, म्हणजे बॉल काठीनं ओढत नेऊन फेकतात त्याला, हे बंधन नाही, तो वरच्या कोपऱ्यातही जातो. त्यामुळे फ्लिक करणारी मुलगी असेल तर उभं राहायचं. सामन्याआधी त्यांचा सराव बघून ठेव, उत्तर तिथेच मिळतं.

व्हिडिओतून घेण्यासारखी खरी गोष्ट वेगळी आहे. पुढच्या वेळी पककडे बघू नकोस, फटका बसण्याच्या आधी गोलीचे पाय बघ. पक इकडून तिकडे गेला की तो छोट्या छोट्या ढकलांनी सरकतो, आणि फटका बसताना तो जवळजवळ स्थिर असतो. चालता चालता फटका घेणारा गोली तुला क्वचित दिसेल. हे तुला जसंच्या तसं लागू आहे. ताशी ९० किलोमीटरचा फटका १२ मीटरवरून आला तर अर्ध्या सेकंदाच्या आत तुझ्यापर्यंत पोचतो. डोळ्यांनी बघून अंग हलायला सुरुवात होईपर्यंतच त्यातला सुमारे पाव सेकंद संपतो. उरलेल्या वेळात लांब उडी मारून बॉल गाठणं फार थोड्यांना जमतं. जागेवर आधीच उभी असलेली मुलगी तोच बॉल एका पावलात घेते. बघणाऱ्याला तो सेव्ह साधा वाटतो, टाळ्या पडत नाहीत, आणि माझ्या मते चांगल्या गोलीची खूण हीच.

ही जागा डोळ्यांना दिसावी म्हणून आम्ही नायलॉनची दोरी वापरतो, होडीला बांधतात तसली. दोन दोऱ्या, एकेक दोन्ही पोस्टना खाली बांधायची. दुसरी टोकं एकत्र करून फटका मारणारीच्या पायाशी खुंटीला अडकवायची. जमिनीवर एक लांबट त्रिकोण तयार होतो, तो तुझा मुलूख. खुंटी गोलपासून १४ मीटरवर असेल आणि तू रेषेवर उभी असशील तर तुला पूर्ण ३.६६ मीटर सांभाळायचे आहेत. दोन मीटर पुढे आलीस तर दोन दोऱ्यांमधलं अंतर साधारण ३.१ मीटर उरतं. खुंटी ८ मीटरवर आणली आणि तू तीन मीटर पुढे गेलीस तर २.३ मीटरच. टेप घेऊन स्वतः मोज, मैत्रिणींनाही मोजायला लाव. मग खुंटी डीच्या कडेनं फिरवत न्यायची आणि प्रत्येक जागी दोन दोऱ्यांच्या बरोबर मध्ये उभं राहायचं. कडेला गेल्यावर त्रिकोण इतका अरुंद होतो की जवळच्या पोस्टवर पाय टेकवून उभं राहण्याचं कारण सांगावंच लागत नाही. तुझ्या तिसऱ्या गोलाचं औषध हेच.

पुढे येण्याला मर्यादा आहे. समोर दोघी असतील आणि तू पार पुढे धावलीस, तर एका पासवर तुझ्या मागचा गोल रिकामा होतो. तुझ्या दुसऱ्या गोलात अशाच दोघी समोर होत्या. तिथे गोलीनं मध्येच थांबून वेळ काढायचा असतो, त्या दोघींना आणखी एक पास करायला भाग पाडायचं, म्हणजे मागून परतणारी फुलबॅक पोचते. तू थांबलीस, एक पास करायला लावलास, तरी कुणी परतलं नाही. मग तू काय करणार होतीस? कबड्डीत साखळी तुटल्यावर कोपऱ्यातल्या एकट्या गड्यानं चढाईपटूला धरून ठेवावं अशी अपेक्षा कुणी करत नाही, इथेही तेच.

मात्र या दुसऱ्या गोलातही तुझं एक काम राहिलं असावं, आणि ते पायांचं नाही, आवाजाचं आहे. मैदानावर सगळा खेळ समोर दिसतो अशी तू एकटीच. फुलबॅकच्या पाठीमागून कोण येतंय हे तिला दिसत नाही, तुला दिसतं. भारताच्या पुरुष संघाचा गोली असलेल्या श्रीजेशचे जुने सामने आवाज मोठा करून बघ. तो सतत बोलत असायचा, बॉल पलीकडच्या डीत असला तरी. तुझ्या पत्रात सगळं होतं, पण तू कुणाला काय ओरडून सांगितलंस हे एकदाही आलं नाही, म्हणून विचारते. ओरडण्याचीही पद्धत आहे. नाव आधी, काम नंतर, दोन शब्दांत. "अगं मागे बघ गं कुणीतरी" हे कुणासाठीच नसतं. "सायली, डावी घे", "मानसी, मागे एक", "थांब, घुसू नको", "माझा" एवढंच. 'माझा' म्हटलंस की बॉल तुझाच, मग माघार नाही. आपल्याकडच्या मुली मैदानावर ओरडायला लाजतात, थोरल्या मुलीला नावानं हाक मारायला तर जास्तच. कोचच्या समोर सगळ्यांना सांगून टाक की सामन्यात ताई-बिई काही नाही, नावानंच हाक मारणार.

आता आकड्यांबद्दल, कारण "मी अडवले ते कुणाला आठवत नाहीत" ही तुझी खरी जखम आहे. आइस हॉकीत गोलीकडे आलेल्या फटक्यांपैकी किती अडवले याचं प्रमाण काढतात. व्यावसायिक लीगमध्ये ते साधारण ९० टक्क्यांच्या आसपास असतं. सामन्यात ३० फटके धरले तर ९० टक्केवाला गोली तीन गोल खातो. ९२ टक्केवाला सरासरी २.४. एका सामन्यात हा फरक कुणालाही दिसणार नाही, ८२ सामन्यांच्या हंगामात मात्र तो जवळपास ५० गोलांचा होतो. म्हणजे गोलीची किंमत कळायला ढीगभर फटके लागतात. तुझ्या एका सामन्यातल्या दहाबारा फटक्यांवरून तुझ्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

शिवाय नुसत्या गोलांच्या संख्येत संघ लपलेला असतो. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतानं ३८ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. गोलमध्ये शंकर लक्ष्मण होते, फार मोठे गोलकीपर. पण ३८ गोल करणाऱ्या संघात बॉल बहुतेक वेळ समोरच्याच डीत असतो, हेही त्या शून्यात आहे. उलट बाजूही बघ. टोकियोत ५ ऑगस्ट २०२१ ला जर्मनीविरुद्धच्या कांस्यपदकाच्या सामन्यात श्रीजेशनं चार गोल खाल्ले. तुझ्याइतकेच. भारत १-३ नं मागे होता, मग पुढच्या फळीनं ओढून आणलं, ५-४ झालं, आणि अगदी शेवटच्या सेकंदांत आलेला पेनल्टी कॉर्नर त्यानं अडवला. आज लोकांना तो एक सेव्ह आठवतो. त्याच्या पुढच्या मुलांनी पाच केले नसते तर तेच चार गोल आठवले असते. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये चेक गोली डोमिनिक हाशेकनं उपांत्य फेरीच्या शूटआउटमध्ये कॅनडाचे पाचही खेळाडू अडवले, अंतिम सामन्यात रशियाला शून्यावर ठेवलं. तरी सुवर्णपदकासाठी पेत्र स्वोबोदाचा एक गोल लागलाच. गोलीनं कितीही केलं तरी शून्य-शून्य एवढीच तिची कमाल. तुम्ही ४-१ हरलात तेव्हा तुमच्या संघानं एकच गोल केला होता, हे बोलताना कुणाच्या तोंडून आलं का?

संघाच्या बैठकीत मात्र "माझी चूक नाही" इथून सुरुवात करू नकोस. तिसऱ्या गोलापासून सुरुवात कर: हा माझा, मी मध्ये सरकले, दोरीवर सराव करतेय. मग पहिल्याचा प्रश्न टाक: पडलेला बॉल कुणाचा, आजच ठरवूया. मग दुसरा: २३ मीटरवर बॉल गेला तर परत कोण धावणार? स्वतःचं आधी ठेवलंस की बाकीच्या ऐकतात. आणि पुढे खेळणाऱ्या मुलींना हे कळलं पाहिजे की बचाव त्यांच्यापासून सुरू होतो. त्यांनी समोरच्या फुलबॅकला निवांत पास देऊ दिला तर त्याचा भार तीन पासांनंतर तुझ्यावर येतो.

हातपाय गार पडतात त्याची भीती बाळगू नकोस. ग्लेन हॉल नावाचा आइस हॉकीचा गोली सामन्याआधी ताणानं ओकायचा, आणि त्यानं सलग ५०२ सामने खेळले, तेही चेहऱ्यावर मास्क न घालता. ताण जात नाही, त्याला काम द्यावं लागतं. ब्रेडन होल्टबी हा आइस हॉकीचाच आणखी एक गोली बाटलीतून पाण्याची चिळकांडी उडवायचा आणि एका थेंबावर नजर धरून तो खाली पडेपर्यंत बघायचा, नजर आणि डोकं जागेवर यावं म्हणून. तुझं तू काहीही ठरव, पण ते ठरलेलं असू दे आणि दर वेळी तेच असू दे. मी मुलींना असं देते: गोल झाला की बॉल जाळ्यातून तू काढायचा नाहीस. डीच्या टोकापर्यंत चालत जायचं, लांब श्वास सोडायचा, परत येताना काठी दोन्ही पोस्टना लावायची, म्हणजे गोल कुठे आहे ते अंगाला कळतं, आणि मध्यातून खेळ सुरू होण्याआधी एका फुलबॅकला नावानं एक सूचना द्यायची. आवाज निघाला की हात हळूहळू परत येतात.

भीतीचं दुसरं कारण सामान असतं. छातीचं गार्ड सैल, गळ्याला काहीच नाही, हेल्मेट दुसऱ्याच्या मापाचं, असं असेल तर अंग आपोआप बॉलपासून वळतं, आणि वळलेलं अंग गोल देतं. १ नोव्हेंबर १९५९ ला जॅक प्लांत या आइस हॉकीच्या गोलीच्या तोंडावर पक बसला, टाके पडले, आणि तो मास्क घालूनच परत उतरला. तोवर मास्क घालणारा भित्रा असं समजत. पुढे सगळ्यांनीच घातला. तेव्हा कुणी काही म्हटलं तरी गळ्याचं आणि पोटाखालचं गार्ड असल्याशिवाय ड्रॅगफ्लिकचा सराव करायचा नाही, शाळेचं सामान असो नाहीतर मागून आणलेलं. आपल्या खाऱ्या हवेत हेल्मेटचे स्क्रू गंजतात, ते दर महिन्याला काढून तेलाचा हात फिरवून लाव. पावसाळ्यात पॅड चुलीजवळ वाळवू नकोस, फोम आकसतो. पडवीत पंख्याखाली उभे ठेव.

पाऊस थांबेपर्यंत मैदान मिळणार नसेल तर समुद्र शांत असेल त्या दिवशी गुहागरच्या किनाऱ्यावर ओहोटीची ओली, घट्ट वाळू वापर. पॅड न घालता, फक्त बाजूला पाऊल टाकणं आणि पडून लगेच उठणं, एवढंच. कोरड्या मऊ वाळूत नको, घोटा मुरगळतो.

आणि पुढचा सामना कुणाला तरी मोबाइलवर घ्यायला सांग, पण कडेच्या रेषेवरून नको, तिथून कोन कळत नाही. गोलच्या मागे, पोस्टच्या थोडं बाजूला, कुंपणावर किंवा बाकावर उभं राहून, तू आणि डीचं टोक दोन्ही दिसेल असं. त्यातले तुझ्यावर आलेले फटके फक्त कापून मला पाठव, प्रत्येकाच्या आधीचे पंधरा सेकंद धरून.